फुटबोर्डवरचा गांधार

आमच्या घरात कव्हर नसलेली वस्तू म्हणजे मी. बाकी सगळ्यांना आहे. मिक्सरला आहे, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचं आहे, टीव्हीच्या रिमोटवर दुकानातून आला त्या दिवशीचंच प्लास्टिक आहे आणि ते आता इतकं धुरकट झालंय की आवाज वाढवायला जावं तर चॅनल बदलतो. माळ्यावरच्या सुटकेसला खाकी कव्हर आहे आणि त्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून आईचं जुनं लुगडं आहे. सुटकेस उघडून आत काय आहे ते बघायचं धाडस गेल्या वीस वर्षांत कुणी केलेलं नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाने एका रात्री आमटीभात कालवता कालवता, "बाबा, आम्ही कव्हर अल्बम काढतोय," असं जाहीर केलं, तेव्हा त्याची आजी मनापासून म्हणाली, "बरं झालं बाई. नाहीतर फोटो फार खराब होतात."

मग त्याने समजावून सांगितलं. अल्बम म्हणजे गाण्यांचा. कव्हर म्हणजे आधी कुणीतरी गाऊन ठेवलेलं गाणं आपण पुन्हा गायचं. गाणी आठ, आठही दुसऱ्यांची. प्रकार ब्लूज रॉक. मुलं चार: दोन डोंबिवलीची, एक ठाण्यात नौपाड्याचा, एक कल्याणला खडकपाड्याचा. चौघंही दिवसभर ऐरोली-घणसोलीकडे कुठल्या तरी काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसतात आणि रात्री मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातलं दुःख गातात. डोंबिवलीत हे कुणाला विचित्र वाटत नाही. ह्या गावात प्रत्येक जण दिवसा दुसरीकडेच असतो.

"सगळी दुसऱ्यांची?" मी विचारलं. चाळीस वर्षं ऑडिट केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. "मग तुमचं काय त्यात?"

तो काही बोलला नाही. भात संपवून उठला. आणि मला त्या रात्री झोप लागेना, कारण प्रश्न विचारताना माझ्या अंगावर दिवाळी पहाटेला मिळालेला फुकट टी-शर्ट होता. फडके रोडवरच्या गर्दीत, ठाण्याच्या तलावपाळीवर, गडकरी रंगायतनच्या खुर्चीत मी आयुष्यभर जे ऐकत आलो, त्यात स्वतःचं गाणं गाणारा माणूस मला आठवेना. गीतरामायणाचंच घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ती छप्पन्न गाणी आठवड्याला एक अशी सुरू झाली, तेव्हा ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे त्यांचे संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, सगळीच एकट्याने रंगमंचावर गायला लागले आणि आता आपल्या कानात बसलेला राम त्यांच्याच आवाजाचा. त्यानंतर गल्लोगल्ली हौशी गळ्यांनी तो वनवासाला किती वेळा पाठवला, ह्याची गणती नाही. त्यातल्या एकालाही मी कधी "तुमचं काय त्यात?" असं विचारलं नव्हतं. उलट मध्यंतरात बटाटावडा खाताना "अगदी बाबूजींसारखं" असं म्हणून दाद दिली होती.

तर अल्बम ठरला आणि पहिल्या रविवारी घरी अंड्यांचे ट्रे आले. करड्या पुठ्ठ्याचे, खळग्याखळग्यांचे, तीस अंड्यांचा एक असे साठ. आतल्या खोलीच्या भिंतींना ते चिकटवायचे होते, म्हणजे आवाज घुमत नाही. आमची सोसायटी कागदोपत्री शाकाहारी नाही, पण जिना शाकाहारी आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकू दारातच उभ्या होत्या.

"एवढी अंडी?"

"नाही काकू, नुसते ट्रे आहेत."

"ते दिसतंय रे मला. साठ ट्रे, म्हणजे अठराशे. मग अंडी कुठे गेली?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. चारही मुलं बघतच राहिली. पुढे महिनाभर सोसायटीत आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, तीत गाण्याबद्दलची तक्रार फारच थोडी होती, त्या अठराशे अंड्यांबद्दलचं कुतूहल अपार होतं. शिवाय पुठ्ठ्याने आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते. पुठ्ठ्याने खोलीतलं घुमणं तेवढं थोडं मऊ होतं, दही घुसळताना भांड्याखाली फडकं ठेवावं तसं. बाकी सगळं जायचं तिथे गेलंच. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका मला एकदा लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "जाड तारांचं वाजवतो ना तो मुलगा, आता बराच सुधारलाय."

मी पोराला चिडवलं, तर त्याने लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. लंडनमध्ये डेन्मार्क स्ट्रीट नावाच्या गल्लीत रीजंट साउंड नावाचा एवढासा स्टुडिओ होता, त्याच्याही भिंतींना असेच अंड्यांचे ट्रे. १९६४च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे रोलिंग स्टोन्स नावाच्या पाच पोरांनी आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. बारा गाणी, त्यांतली नऊ दुसऱ्यांची. त्यांचं नावसुद्धा दुसऱ्याचं: मडी वॉटर्सने १९५०मध्ये गायलेल्या एका गाण्यावरून उचललेलं. एप्रिलमध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा त्याच्या वेष्टनावर पुढच्या बाजूला बँडचं नावही छापलेलं नव्हतं, नुसते पाच अर्धवट अंधारातले चेहरे. तरी तो इंग्लंडात बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. आमच्या मुलांच्या अल्बमवरही नाव नसणार होतं, पण त्याचं कारण वेगळं. नावावर चौघांचं एकमत होत नव्हतं.

स्टोन्सची मला इतके दिवस फक्त जीभ ठाऊक होती, ती टी-शर्टवरची, लाल, बाहेर काढलेली. आता त्यांच्या गोष्टीत माझा जीव अडकला तो एका तपशिलामुळे. त्यांतली दोघं रेल्वेच्या फलाटावर पुन्हा भेटली. डार्टफर्ड हे लंडनचं उपनगर, म्हणजे त्यांची डोंबिवलीच म्हणा ना. १७ ऑक्टोबर १९६१ची सकाळ, फलाट क्रमांक दोन. मिक जॅगर नावाचा मुलगा अर्थशास्त्राच्या कॉलेजला निघालेला, कीथ रिचर्ड्स नावाचा मुलगा चित्रकलेच्या कॉलेजला. दोघं लहानपणी एका शाळेत होते, मग पांगले होते. जॅगरच्या काखेत चक बेरीच्या आणि मडी वॉटर्सच्या तबकड्या होत्या. रिचर्ड्सची नजर त्यांच्यावर गेली आणि बोलणं सुरू झालं. मी चाळीस वर्षं डोंबिवलीच्या फलाटावर उभा राहिलो. काखेत डबा, वर्तमानपत्र, एकदा तर सत्यनारायणाचा चौरंगसुद्धा होता. पण त्यावरून कुणी माझ्याशी बोलायला आलं नाही. आलं असतं तरी फास्ट आल्यावर आम्ही एकमेकांच्या पायांवर पाय देऊनच चढलो असतो.

चार रविवारांत उरकायचं काम सात रविवारांवर गेलं, ते मेगाब्लॉकमुळे. ठाण्याहून येणारा मुलगा दिव्याला अडकायचा, कल्याणहून येणारा ड्रमवाला झांजांची गोल पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने यायचा आणि भाड्यावरून हुज्जत घालून आलेला असल्याने पहिलं गाणं फार जोरात वाजवायचा. एका दुपारी सगळे ठाणेवाल्याची वाट बघत बसले होते, तेव्हा पोराने मला ब्लूजची जन्मकथा सांगितली. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडमास्तर १९०३च्या सुमारास मिसिसिपीत टटवायलर नावाच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता. गाडी नऊ तास उशिरा होती. त्याला डुलकी लागली. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांचा एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. गाण्यातला मजकूर एवढाच, की दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे आपण निघालोय. तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. हँडीने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं की असं विलक्षण संगीत त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मला हे ऐकून जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं. म्हणजे लेट झालेल्या गाडीची वाट बघताना हे संगीत पहिल्यांदा लिहित्या माणसाच्या कानावर पडलं, आणि गाणं होतं जंक्शनचं! कल्याणला रूळ फुटतात, एक वाट कर्जतला, एक कसाऱ्याला. त्या फाट्यावर सिग्नलसाठी थांबलेल्या गाडीत किती लाख माणसं किती तास बसली असतील. त्यांतला एकही सुरी घेऊन तारांवर बसला नाही, ह्याचं कारण मला माहीत आहे. आमच्याकडे टाळ होते.

सकाळच्या फास्टला शेवटून तिसऱ्या डब्यात आमचं भजनी मंडळ असायचं. बुवा मंत्रालयात कारकून, ढोलकीवाला गोदीत, मी टाळावर. बुवांनी ओळ टाकायची, आम्ही उचलायची. कोपर पुढे पसरून टाळ वाजवायला जागा नसायची, म्हणून आम्ही सगळे टाळ छातीशी धरून, लेकराला थोपटावं तसे वाजवायचो. दिव्यापर्यंत रूप-अभंग व्हायचा, मुंब्र्याच्या आसपास गजर चढायला लागायचा आणि मग पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा तो बोगदा, तेव्हा फास्ट गाड्या त्यातूनच जात. आत शिरल्यावर काळोख व्हायचा आणि डब्यातले बारा टाळ एकाएकी बाराशे व्हायचे. ठाण्याचा उजेड येईपर्यंतचं ते मिनिट-दीड मिनिट दगडाचं पोट आमच्याबरोबर गायचं. ठाण्याला माणसं चढायची, कुणी कपाळाला आठी घालायचा, कुणी कोपऱ्यात उभ्या उभ्या ओठ हलवायचा. दसऱ्याला डब्याला तोरण, बुवांना शाल आणि सगळ्यांना पेढा. ते अभंग तुकोबांचे, नामदेवांचे, चोखोबांचे. चाली कुणाच्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. तीनशे वर्षांहून जुनी गाणी रोज सकाळी कव्हर करत आम्ही सीएसटीला उतरत होतो आणि मस्टरवर सही करत होतो.

आणि आपल्याकडे तर ह्याच्याही पलीकडचा प्रकार झालेला आहे. नामदेवांच्या गाथेत "नामा म्हणे" म्हणणारे सगळेच नामदेव नाहीत, पुढच्या काळातले विष्णुदास नामा आणि आणखी कितीतरी जण त्यात मिसळून गेलेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात म्हणणारे जगात पुष्कळ सापडतील. पण आपलं स्वतःचं गाणं रचून ते दुसऱ्याच्या नावावर घालणारे, आणि वर हात जोडून निघून जाणारे? आयुष्यभराच्या ऑडिटमध्ये अशी अफरातफर माझ्या पाहण्यात आली नाही.

रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गायकाची दंतकथाही पोराने सांगितली. मध्यरात्री चौकात उभा राहून त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या मागून घेतली, असं तिकडे म्हणतात. १९३६ आणि ३७ ह्या दोन वर्षांत त्याने ध्वनिमुद्रित केलेली एकोणतीस गाणी, तेवढी आज शिल्लक आहेत. बँडने त्यांतलं चौकाचं गाणं घ्यायचं ठरवल्यावर आम्ही दोघं चार रस्त्याचा विचार करत बसलो. डोंबिवलीच्या चार रस्त्यावर सैतान आला तर उभा कुठे राहील? एका बाजूला रिक्षांची रांग, दुसरीकडे भाजीच्या गाड्या. उताऱ्याचं लिंबू ठेवायचं म्हटलं तर ते ठेवल्या ठेवल्या स्कूटरखाली जातं. आत्मा विकायला गेलेला माणूस सुटे नाहीत म्हणून परत यायचा.

पण मला खरं वेड लावलं ते एका स्वराने. ब्लूजमध्ये गांधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. पोरगा डाव्या हाताच्या बोटाने तार दाबून बाजूला ओढतो, आणि स्वर कोमलावरून निघतो, शुद्धाकडे सरकतो, पोचत मात्र नाही. एक पाय आत, एक बाहेर, हाताची पकड वरच्या दांड्यावर, पोटात डबा दुसऱ्याचा रुतलेला. डोंबिवलीला चढलेला गांधार तो. आत जागा मिळाली तर तो शुद्ध होईल, हात सुटला तर संपलाच. बारा मात्रांच्या, चुकलो, बारा बारच्या त्या चक्रात एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. बुवांनी टाकायची, आम्ही उचलायची. मी ऐकता ऐकता मान डोलवायला लागलो, तशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्हाला कळतंय का त्यातलं काही?" मी म्हटलं, "शब्द नाही कळत. पण गाडीला गर्दी आहे एवढं कळतंय."

आई ह्या सगळ्याकडे तिच्या पद्धतीने बघत होती. तिच्या राज्यात उसनं आणणं ह्यात कधी कमीपणा नव्हता. साखर, डाळीचं पीठ, विरजण, सगळं चाळीत ह्या दारातून त्या दारात फिरत असे. नियम एकच, वाटी रिकामी परत जाता कामा नये. साखर नेली असेल तर साखर, आणि वर निदान दोन बेसनाचे लाडू, नाहीतर कैरीची फोड. एका वाटीत गेलेल्या साखरेने वर्षभरात किती घरं जोडली, त्याचा हिशेब कुठल्या वहीत मिळायचा नाही. तिने नातवाला विचारलं, "ज्यांची गाणी घेता, त्यांची वाटी परत करता का रे?"

पोराने तिला स्टोन्सची गोष्ट सांगितली. १९६५मध्ये अमेरिकेत दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाला त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी हट्ट धरला की हाउलिन' वुल्फलाही बोलवा. तो पन्नाशीचा धिप्पाड काळा गायक, गोऱ्यांच्या घरात त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. तो गात असताना ही प्रसिद्ध पोरं त्याच्या पायाशी बसून राहिली. आईने मान हलवली. लाडू पोचले. मग त्याने लेड झेपेलिनचीही सांगितली. विली डिक्सनने लिहिलेलं, मडी वॉटर्सने गायलेलं गाणं त्यांनी घेतलं आणि वर स्वतःचंच नाव घातलं. शेवटी डिक्सनला १९८५मध्ये कोर्टात जाऊन आपली वाटी मागावी लागली. दोन वर्षांनी तडजोड झाली आणि पुढे गाण्यावर त्याचंही नाव लागलं. "असतात तशी पण माणसं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे तिच्या चाळीतलं एक विशिष्ट दार आलं असावं.

"आणि हा मडी, हा कोण कुठला?"

"आजी, तो मिसिसिपीत एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१मध्ये एक लोकगीतं गोळा करणारा माणूस तिथे आला, त्याने ह्याचा आवाज मुद्रित केला. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला आणि ह्याला वाटलं, आपल्याला येतंय की. दोन वर्षांनी गाडीत बसून शिकागोला गेला. दिवसा कारखान्यात काम, रात्री गाणं."

"म्हणजे चाकरमानी," आई म्हणाली, आणि पुन्हा वाती वळायला लागली. संगमेश्वराहून परळला आणि परळहून डोंबिवलीला आलेल्या बाईने एका शब्दात त्याला घरात घेतला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे मडी वॉटर्सचा उल्लेख "तो आपला शिकागोचा" असा होतो.

सातव्या रविवारी पोरगा आतल्या खोलीतून बाहेर आला आणि दारात घुटमळला. "बाबा, एका गाण्यात टाळ घेऊया म्हणतोय. वाजवाल?"

टाळ कपाटात होते. निवृत्त झाल्यावर बायकोने त्यांना जुन्या उशीच्या अभ्र्याचं कव्हर शिवलं होतं, नाडीसकट. नाडीची गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. अठराशे खळग्यांच्या त्या खोलीत मला स्टुलावर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि गाणं सुरू झालं. मी टाळ छातीशी धरले. पसरून वाजवायला आता जागा होती, पण कोपर बाहेर जाईना.

"बाबा, दोन आणि चारवर."

ब्लूज रॉकमध्ये ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. माझा हात समेवर पडत होता. चाळीस वर्षं तो समेवरच पडत आला होता. मुलं धीराची निघाली. ड्रमवाल्याने समोर उभं राहून मला मानेने खुणा केल्या, नौपाड्याच्या मुलाने पाय आपटून दाखवले. आठ वेळा झालं. एक-दोन ओळी मी दोनवर राहायचो, आणि मग गाणं रंगलं की आपोआप घरी यायचो. नवव्यांदा मीच म्हटलं की राहू दे.

रात्री उशिरा तो हेडफोन लावून बसला होता, मी पाणी प्यायला उठलो. पडद्यावर आवाज कसा घुमावा ह्याची यादी होती. रूम, हॉल, प्लेट, चर्च. त्याने विचारलं, "बोगद्यात नक्की कसं वाटायचं हो?" मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. तो एकेक बटण फिरवत गेला, मी "अजून," "थोडं दगडी," "नाही, हे विहिरीसारखं झालं," असं सांगत गेलो. कधीतरी दोनच्या सुमाराला अंगावर काटा आला आणि मी त्याचा हात धरला. त्याने ते तसंच जपून ठेवलं. यादीत चर्चच्या खाली आता एक नवं नाव आहे, पारसिक.

अल्बम आला. वेष्टनावर नाव नाही, अंड्यांच्या ट्रेचा फोटो आहे, आणि आत आठही गाण्यांच्या मूळ मालकांची नावं नीट छापलेली आहेत. काकूंनी फोटो पाहिला आणि मान हलवली, त्यांचा प्रश्न अजून उभाच आहे. सहाव्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर गिटार वर चढते, गांधार फुटबोर्डवर लोंबकळायला लागतो आणि मागे कुठेतरी, फार लांबून आल्यासारखा, एक टाळ वाजतो. चौथ्या ठोक्यापर्यंत शहाण्यासारखा वाजतो. मग समेवर येतो.